सदतीस शब्दांचा कायदा

अमेरिकेत ऑनसाइटला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. मॉल, हायवे आणि वॉलमार्टची वर्णनं संपली की हमखास एक गोष्ट येते : शनिवारी सकाळी गावातल्या मैदानावर सॉकर खेळणाऱ्या मुली. पायाला शिनगार्ड, केसांच्या पोनीटेल, अंगभर चिखल आणि कडेला फोल्डिंगच्या खुर्च्यांवर बसून ओरडणारे आईबाप. आपल्याला वाटतं, ही अमेरिका, इथं हे असंच असणार. पहिल्यापासून असणार.

तर मंडळी, तसं अजिबात नाही. १९७१-७२ साली अमेरिकेतल्या हायस्कूलांमध्ये शाळेच्या संघांतून खेळणारे मुलगे होते सुमारे ३६ लाख ६७ हजार. आणि मुली? २ लाख ९४ हजार. म्हणजे बारा मुलग्यांमागे एक मुलगी. आणि माणूस चंद्रावर उतरून तोवर तीन वर्षं होत आली होती!

ही आकडेवारी पालटली एका कायद्यामुळे. 'टायटल नाइन' म्हणतात त्याला. मूळ इंग्रजीत त्याचं मुख्य वाक्य फक्त सदतीस शब्दांचं आहे. मराठीत सांगायचं तर : केंद्र सरकारकडून पैसे घेणाऱ्या कुठल्याही शैक्षणिक उपक्रमात कुणालाही, स्त्री आहे की पुरुष या कारणावरून, वगळता येणार नाही, त्याचे फायदे नाकारता येणार नाहीत किंवा भेदभाव करता येणार नाही. बस. पुन्हा वाचून बघा. यात 'खेळ' हा शब्दच नाही. मला या कायद्याचं वेड लागलं ते याचसाठी. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये जी गोष्ट लिहिलेलीच नव्हती, ती त्या सिस्टिमचं सगळ्यात प्रसिद्ध फीचर होऊन बसली.

पण आधी जरा मागे जाऊ. मुलींनी पळू नये, धडपडू नये, घाम गाळू नये, हे नुसतं पुरुषांचं म्हणणं होतं असं समजू नका. १९२३ साली राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या पत्नी लू हेन्री हूवर (तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते) यांच्या पुढाकारानं एक परिषद भरली आणि शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या बायकांनीच ठरवलं की मुलींना खेळ हवेत, पण स्पर्धा नको. मुलग्यांच्या खेळात पैसा, तिकिटं, जुगार शिरलेला त्यांना दिसत होता, मुलींना त्यापासून वाचवायचं होतं. हेतू वाईट नव्हता. पण त्यातून निघाला 'प्ले डे' नावाचा प्रकार : वेगवेगळ्या शाळांच्या मुली एकत्र करायच्या, त्यांचे मिसळून संघ पाडायचे, म्हणजे कुठलीच शाळा जिंकणार नाही नि हरणार नाही. खेळून झालं की चहा-बिस्किटं. हळदीकुंकवाच्या धर्तीवर स्पोर्ट्स डे म्हणा ना :-)

१९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिलं. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, आडव्या झाल्या. (८०० मीटर जीव तोडून पळाल्यावर पुरुष काय भांगडा करतात काय?) वर्तमानपत्रांनी त्याची अशी काही रसभरीत वर्णनं छापली की ती शर्यत ऑलिंपिकमधून गेली ती थेट १९६० साली परत आली. बायकांना मॅरेथॉन धावायला तर १९८४ उजाडावं लागलं.

या सगळ्यात एक भलताच अपवाद होता, तो म्हणजे आयोवा. मक्याच्या शेतांचं, डुकरांचं, आपल्याला फक्त विमानातून दिसणारं राज्य. १९२५ मध्ये तिथल्या शाळांच्या क्रीडा संघटनेनं मुलींच्या स्पर्धा बंद करायचं ठरवलं, तेव्हा खेड्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक-अधिकारी चिडले, बाहेर पडले आणि त्यांनी मुलींसाठी वेगळी संघटना काढली. खेळ होता बास्केटबॉल, पण सहा-सहा जणींचा. मैदानाचे दोन भाग. तीन जणी एका अर्ध्या भागात, फक्त बास्केट करणाऱ्या. तीन जणी दुसऱ्या अर्ध्या भागात, फक्त अडवणाऱ्या. मधली रेघ ओलांडायची नाही. चेंडू दोनदाच टप्पा मारायचा, मग पास करायचा किंवा टाकायचा. हे नियम का, तर मुलींना फार दगदग होऊ नये म्हणून!

आता गंमत बघा. नाजूक मुलींसाठी केलेल्या या नियमांतून एक भन्नाट वेगवान खेळ तयार झाला आणि आख्खं राज्य त्याच्यामागे वेडं झालं. १९६८ च्या राज्य अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन शाळेच्या डेनिस लाँगनं ६४ गुण केले, समोरच्या एव्हर्लीच्या जेनेट ओल्सननं ७६. ओल्सनचा संघ हरला, जादा वेळेत, ११३-१०७. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघानं डेनिस लाँगला चक्क ड्राफ्टमध्ये निवडलं. ती निवड लीगच्या कमिशनरनं रद्द केली. बराचसा तो प्रसिद्धीचा स्टंटच होता, पण नाव एका आयोवाच्या शाळकरी मुलीचं घेतलं गेलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. मोठ्या शहरांतल्या सुधारलेल्या शाळांमधून मुलींचे संघ गायब होते आणि हे सगळं चाललं होतं ते खेड्यांत. सहा जणींचा तो खेळ आयोवात १९९३ पर्यंत टिकला. पूर्ण मैदानावरचा पाच जणींचा खेळ आला तेव्हा कित्येक म्हाताऱ्या बायका हळहळल्या म्हणे.

बाकी देशात काय चाललं होतं याचा एकच नमुना पुरेसा आहे. १९७१ साली कनेक्टिकटमधल्या हॅम्डेन इथल्या एका शाळकरी मुलीनं क्रॉस कंट्रीच्या संघात पळू द्या म्हणून कोर्टात धाव घेतली. मुलींचा संघ नव्हताच. न्यायाधीशांनी दावा फेटाळताना निकालात जे लिहिलं त्याचा आशय असा : खेळाच्या स्पर्धेतून मुलग्यांचं चारित्र्य घडतं, आमच्या मुलींना त्या जातीच्या चारित्र्याची गरज नाही. हे १९७१ आहे, १८७१ नव्हे. दोनदा तपासून लिहितोय.

आता कायदा कसा झाला ते. यात तीन बायका आहेत आणि तिघींचीही मूळ तक्रार खेळाबद्दल नव्हती.

पहिल्या बर्नीस सँडलर. १९६९ मध्ये मेरीलँड विद्यापीठात डॉक्टरेट करून तिथंच अर्धवेळ शिकवत होत्या. विभागात सात जागा निघाल्या, यांचा विचारसुद्धा झाला नाही. का म्हणून एका सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, बाईमाणसाच्या मानानं तुम्ही फारच ठाम वाटता. घरी येऊन रडल्या. मग नवऱ्यानं विचारलं, तुमच्या विभागातले पुरुष ठाम नाहीत का? सगळेच आहेत की! सँडलर लायब्ररीत बसून कायदे वाचायला लागल्या आणि एका सरकारी अहवालाच्या तळटीपेत त्यांना घबाड सापडलं : सरकारी कंत्राटं घेणाऱ्या संस्थांना स्त्री-पुरुष भेदभाव करायला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी आधीच मनाई केली होती. विद्यापीठं सरकारी कंत्राटं घेतातच. बाईंनी सुमारे अडीचशे विद्यापीठांविरुद्ध तक्रारी ठोकल्या. (तळटीपा वाचणाऱ्या माणसांपासून जगानं सावध राहावं.)

दुसऱ्या ओरेगनच्या काँग्रेस सदस्य एडिथ ग्रीन. त्यांनी १९७० मध्ये या विषयावर सुनावण्या घेतल्या आणि त्यातून विधेयक पुढे नेलं. त्यांची चाल मला फार आवडली. आपल्या समर्थक बायकांना त्यांनी सांगितलं, कृपा करून कुणी लॉबिंग करू नका, पत्रकं काढू नका. गवगवा झाला तर लोक विधेयक नीट वाचतील!

तिसऱ्या हवाईच्या पॅट्सी मिंक. जपानी वंशाच्या, माऊई बेटावर जन्मलेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, अर्ज केलेल्या एकूण एक मेडिकल कॉलेजांनी नकार दिला. मग कायद्याकडे वळल्या. शिकागो विद्यापीठानं प्रवेश दिला तो परदेशी विद्यार्थी समजून, म्हणजे जन्मानं अमेरिकन बाईला चुकून मिळालेली सीट. वकील झाल्यावर नोकरी कुणी देईना, कारण लग्न झालेलं, पदरात मूल. १९६४ साली त्या काँग्रेसवर निवडून आल्या, आणि तिथं पोचलेल्या त्या पहिल्या गौरेतर स्त्री.

सिनेटमध्ये इंडियानाच्या बर्च बे यांनी बाजू लावून धरली. एका सहकाऱ्यानं विचारलं की आता फुटबॉलच्या मैदानात बायका उतरणार की काय. बे यांनी सांगितलं, तसं काही यात नाही. हशा पिकला. खेळाचा विषय एवढ्यावर संपला. २३ जून १९७२ रोजी निक्सननी सही केली आणि त्या वेळच्या निवेदनात बोलले ते सगळं शाळांच्या बसेसच्या वादावर. स्त्री-पुरुष भेदभावाबद्दल एक शब्द नाही.

मग विद्यापीठांच्या क्रीडा विभागांची हळूहळू ट्यूब पेटली. शैक्षणिक उपक्रम म्हणजे आपणसुद्धा! आणि जो गोंधळ उडाला म्हणता... १९७४ मध्ये टेक्ससचे सिनेटर जॉन टॉवर यांनी दुरुस्ती आणली की पैसे मिळवून देणारे खेळ वगळा, म्हणजे फुटबॉल वगळा. ती अखेर बारगळली. नियमांचा मसुदा जाहीर झाला तेव्हा लोकांची साडेनऊ हजारांहून जास्त मतं आली. जुलै १९७५ मध्ये प्रतिनिधीगृहात कायदा पोकळ करणारी दुरुस्ती आली. मतदानाच्या वेळी मिंक यांना निरोप आला की न्यूयॉर्क राज्यात मुलीला मोटारीचा गंभीर अपघात झालाय. त्या तडक निघाल्या. त्यांची बाजू एका मतानं हरली. दुसऱ्या दिवशी सभापतींनी परिस्थिती सांगितली, फेरमतदान झालं आणि २१५ विरुद्ध १७८ नं जिंकले. (मुलगीही वाचली.) ज्या देशाच्या राजकारणात एकमेकांचे गळे धरायला लोक टपलेले असतात, तिथं हे घडलं.

कागदावर जिंकणं वेगळं आणि मैदानात वेगळं, हे सांगायला येलची गोष्ट सांगायलाच हवी. येल विद्यापीठाचं रोइंग व्हायचं डर्बी गावात, हौसाटॉनिक नदीवर. बोटहाऊसमध्ये शॉवर पुरुषांसाठी. बायकांनी सराव करायचा आणि ओल्या कपड्यांनिशी बसमध्ये बसून वाट बघायची, मुलग्यांच्या आंघोळी होईपर्यंत. कनेक्टिकटचा हिवाळा. पोरी आजारी पडायच्या. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. ३ मार्च १९७६ रोजी संघाची कप्तान क्रिस अर्न्स्ट आणि तिच्या सहकारी अशा एकोणीस जणी शारीरिक शिक्षण विभागातल्या अधिकारी जोनी बार्नेट यांच्या ऑफिसात गेल्या, स्वेटशर्ट उतरवले आणि उघड्या पाठीवर-छातीवर निळ्या अक्षरांत 'टायटल नाइन' लिहिलेलं त्यांच्यासमोर उभं केलं. क्रिसनं निवेदन वाचलं, त्याचा सार असा की ही ती शरीरं, ज्यांचं येल शोषण करतंय. सोबत न्यूयॉर्क टाइम्सला बातम्या देणारा एक विद्यार्थी आणि एक फोटोग्राफर होता. बातमी जगभर गेली. माजी विद्यार्थ्यांचे चेक यायला लागले आणि शॉवर झाले. क्रिस त्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकला गेली. आणि पुढे आयुष्यात काय झाली माहितीये? प्लंबर. शपथेवर सांगतो.

कायदा राबवायची खरी स्पेसिफिकेशन आली १९७९ मध्ये. तीनपैकी एक अट पाळा : एकतर विद्यार्थिनींचं प्रमाण जेवढं, साधारण तेवढंच प्रमाण खेळाडूंत असू दे, किंवा मुलींसाठी संधी सतत वाढवत आलोय हे दाखवा, किंवा मुलींची जेवढी आवड नि कुवत आहे ती पूर्ण भागवतोय हे सिद्ध करा. मधल्या काळात १९८४ च्या एका निकालानं सुप्रीम कोर्टानं खेळांना जवळपास मोकळं सोडलं होतं, ते काँग्रेसनं १९८८ मध्ये रेगन यांचा नकाराधिकार मोडून दुरुस्त केलं. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुकसानभरपाईही मागता येईल. तेव्हा कुठे विद्यापीठांचे वकील जागे झाले. कारण पहिल्या पन्नास वर्षांत या कायद्याखाली एकाही संस्थेची सरकारी मदत प्रत्यक्षात बंद झाली नव्हती. नुसती धमकी होती ती.

तिसऱ्या अटीवरून ब्राऊन विद्यापीठात जो खटला झाला तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९९१ मध्ये विद्यापीठानं खर्च कमी करायला मुलींचं जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल यांचा दर्जा काढला (मुलग्यांचेही दोन खेळ गेले). मुली कोर्टात गेल्या. विद्यापीठाचं म्हणणं, मुलींना मुळात खेळात रस कमी असतो, मग तेवढ्याच जागा कशाला? ओळखीचं वाटतंय ना? आपल्या ऑफिसातही हेच ऐकू येतं, फक्त 'खेळ'च्या जागी 'कोडिंग' किंवा 'मॅनेजमेंट' असतं. १९९६ मध्ये अपील कोर्टानं उत्तर दिलं की आवड पोकळीत उगवत नाही, ती संधीतून आणि सवयीतून वाढते. ज्यांना कधी चेंडूच दिला नाही त्यांना चेंडूची आवड नाही, हा पुरावा कसला?

सगळं छान छान झालं असं मात्र नाही. फुटबॉलच्या एका संघात शंभरेक मुलगे, त्याला हात लावायची कुणाची छाती नाही, म्हणून हिशेब जुळवायला काही विद्यापीठांनी पुरुषांची कुस्ती, जिम्नॅस्टिक्स बंद केली आणि खापर फोडलं मुलींवर. त्या कुस्तीगिरांचा राग मला समजतो, पण तो चुकीच्या दारात गेला. दुसरं म्हणजे १९७२ मध्ये मुलींच्या कॉलेज संघांच्या प्रशिक्षकांत ९० टक्क्यांहून जास्त बायका होत्या. २०१४ मध्ये उरल्या सुमारे ४३ टक्के. पगार वाढले, मान वाढला आणि त्या खुर्च्यांवर पुरुष येऊन बसले. गंमत नाही, पण पॅटर्न जुना आहे. आणि मार्च २०२१ मध्ये कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत ओरेगनच्या सेडोना प्रिन्सनं मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला : मुलग्यांना भलंमोठं व्यायामगृह आणि मुलींना डंबेल्सची एक छोटीशी चळत. वर आयोजकांचं म्हणणं की जागा नव्हती. प्रिन्सनं कॅमेरा फिरवून रिकामा हॉल दाखवला. (ट्रान्स खेळाडूंवरून सध्या याच कायद्यावर जे रण माजलंय तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

हायस्कूलात खेळणाऱ्या मुली २०१८-१९ मध्ये ३४ लाखांवर पोचल्या. केवढी झेप! पण १९७१-७२ चा मुलग्यांचा आकडा वर दिलाय, तो पुन्हा एकदा बघून या.

आता इंजिनियर लोकांचा आवडता प्रश्न : खेळल्यानं पुढे काही फरक पडतो, की मुळातच धडाडीच्या मुली खेळतात? बेट्सी स्टीव्हन्सन या अर्थतज्ज्ञ बाईंनी २०१० मध्ये यावर झकास युक्ती काढली. कायद्यामुळे मुलींचा आकडा मुलग्यांच्या आकड्याकडे खेचला जाणार होता. म्हणजे ज्या राज्यात आधीपासून जास्त मुलगे खेळायचे, तिथं मुलींच्या जागा जास्त वाढणार, त्या मुली कशाही असोत. राज्याराज्यांतला तो फरक वापरून त्यांनी हिशेब केला : मुलींचा सहभाग दहा टक्के अंकांनी वाढला की कॉलेजला जाणाऱ्या मुलींचं प्रमाण एक टक्का अंकानं वाढतं आणि पुढे नोकरी करणाऱ्यांचं एक ते दोननं. आकडे छोटे वाटतील, पण शाळेतल्या बास्केटबॉलकडून तुमची अपेक्षा तरी किती होती?

खेळाबाहेर तर कायद्यानं भिंतीच पाडल्या. मिंक यांना मेडिकल कॉलेजांनी हाकललं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांत मुली निम्म्याहून जास्त झाल्या. मिंक ते बघायला नव्हत्या. सप्टेंबर २००२ मध्ये त्या गेल्या, मतपत्रिकेवरून नाव काढायला वेळ उरला नाही आणि नोव्हेंबरमध्ये मतदारांनी त्यांना तरीही निवडून दिलं. टायटल नाइनला त्यांचं नाव दिलं गेलं.

आपल्याकडे काय? २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा मीही तुमच्यासारखाच टीव्हीसमोर उड्या मारत होतो. नंतरचे दोन आठवडे खेळाडूंच्या गोष्टी वाचल्या. सांगलीची स्मृती मानधना भावाचा खेळ बघत बघत क्रिकेटकडे आली. जेमिमा रॉड्रिग्जला वडिलांनी घडवलं. या गोष्टीत नेहमी एक भाऊ असतो किंवा एक बाप असतो, जगाला न जुमानणारा. त्या बापांना माझा साष्टांग नमस्कार. पण ज्या मुलीचा बाप तसा नाही, तिचं काय करायचं? हॅम्डेनच्या मुलीला बाप नको होता, शाळेचा संघ हवा होता. अमेरिकेनं कायदा करून बापाची ती जागा शाळेला दिली.

आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदा काढून वाचला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवं असं स्पष्ट लिहिलंय, खेळाचं साहित्यही हवं म्हटलंय. त्या मैदानावर मुलींचा वाटा किती, याबद्दल परिशिष्टात काही नाही. मी ज्या शाळेत शिकलो तिथं मैदान होतं, चांगलं मोठं. पी.टी.च्या तासाला त्याच्या तीन बाजू क्रिकेटच्या, आणि चौथ्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, मुलींची लंगडी. दहावीपर्यंत.